भरल्या दिवसांची रोडकी गाय आणि जंताचे औषध



गाळप हंगाम सुरू झाला की शेतकी खात्याच्या माणसाला बांधावर उसाखेरीज दुसरे काही कोणी विचारील असे वाटत नाही. लागणीची तारीख काय, तोडीचा नंबर कधी, टोळी कुठे अडकली, खोडव्याला खत कोणते, हेच चालू असते. परंतु नोंदी घेत हिंडताना एक प्रश्न दरसाल हमखास कानावर येतो, आणि तो नेमका डिसेंबर-जानेवारीत येतो. "साहेब, गाय आठ महिन्यांची गाभण हाय, पण पार हाडं निघाल्यात तिची. जंताचं औषध पाजलं तर चालंल का? गाभडायची तर न्हाई?"

हा प्रश्न नीरा डाव्या कालव्याखालचे बागायतदार विचारतात, तसा सुपे, मोरगाव, कऱ्हाटीकडचे जिरायतदारही विचारतात. आणि याची दोन उत्तरे गावोगाव तयार असतात. एक, गाभण जनावराला औषध म्हणजे विषच, विऊ द्या मग बघू. दुसरे, मेडिकलमधून बाटली आणायची आणि दावणीच्या सगळ्या जनावरांना एका मापाने पाजून मोकळे व्हायचे. पहिल्या उत्तराने गाय खंगते, दुसऱ्याने भलत्याच गाईचे नुकसान होते. म्हणून या अंकात ऊस थोडा बाजूला ठेवून या विषयावर लिहितो आहे. मी शेतकी पदविकेचा माणूस, जनावरांचा डॉक्टर नव्हे. औषधाचा शेवटचा शब्द पशुवैद्यकांचाच. पण त्यांच्याकडे जाण्यापूर्वी आपण काय पाहावे आणि त्यांना काय विचारावे, एवढे प्रत्येक सभासदाला ठाऊक असलेच पाहिजे.

पोट मोठे दिसले म्हणून गाय धष्टपुष्ट नसते

भरल्या दिवसांची गाय लांबून पाहिली तर भरलेलीच दिसते. ते पोट वासराचे आणि पाण्याचे असते. खरी स्थिती पाठीवर कळते. गाईच्या मागे उभे राहून शेपटीच्या मुळाशी हात लावावा. दोन्ही बाजूंना खोल खड्डा असेल, माकडहाड व खुब्याची हाडे टोकदार लागत असतील, कंबरेवरची आडवी हाडे बोटांनी एकेक मोजता येत असतील, तर गाय रोड आहे, मग पोट कितीही मोठे असो. पशुवैद्यक याला १ ते ५ असे गुण देतात. विताना गाय ३ ते साडेतीन गुणांत असावी असे मानतात. हाडे मोजता येणारी गाय दोनच्याही खाली असते. एक गुण वाढवायचा म्हणजे अंगावर साधारण ४० ते ५० किलो चढवायचे, आणि हे काम आठवड्याभरात होत नाही, दोन-तीन महिने लागतात. म्हणून नवव्या महिन्यात जागे होण्यापेक्षा सहाव्या-सातव्या महिन्यात पाठ चाचपलेली बरी.

गाय सुमारे २८० दिवसांनी विते, म्हैस ३१० दिवसांच्या आसपास. पोटातल्या वासराची निम्म्याहून अधिक वाढ शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत होते. त्या काळात गाईला मिळाले नाही तर वासरू आईच्या अंगावरचे ओढून घेते. आईचे अंग संपले की मग वासरूही अशक्त निपजते. विताना गाईला कळा देण्याचा जोर राहत नाही, वार अडकते, चीक कमी व पातळ येतो, आणि पुढे ती माजावर यायला चार-चार, पाच-पाच महिने लावते. खरा तोटा इथेच होतो. संकरित गाईचे एक वेत तीन महिने लांबले की त्या काळात दुधाची किटली रिकामी राहते, आणि वैरण मात्र चालूच असते.

परदेशात अमेरिका, ऑस्ट्रेलिया या मुलखांत मांसासाठी गाई पाळतात. त्यांचे दूध काढत नाहीत. वर्षाला एक वासरू द्यायचे, एवढेच त्या गाईचे काम. हिवाळ्यात कुरण संपते, गाय वाळते, आणि वसंतात विण्याच्या तोंडावर तिथल्या पशुपालकालाही हाच प्रश्न पडतो की हिला आता जंताचे औषध द्यावे की न द्यावे. आपल्याकडे मांसासाठी गाय कोणी पाळत नाही. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीस १९७६ च्या कायद्याने आणि बैल-वळूंच्या कत्तलीस २०१५ पासून बंदीच आहे. तरी आपल्या जिरायत पट्ट्यातली खिलार गाय पाहिली तर तिची गत फारशी निराळी नाही. तीही दुधासाठी नसते, खोंडासाठी असते. म्हणून तिला पेंड मिळत नाही, दावणीत तिचा नंबर शेवटचा, आणि उन्हाळ्यात माळावर जे काय मिळेल त्यावर ती गाभणपण काढते. दुधाच्या गाईची दोन्ही वेळा विचारपूस होते, खिलारीकडे मात्र विण्याच्या दिवशीच लक्ष जाते. याचे वाईट वाटते, कारण गाडीला आणि शर्यतीला खोंड हवा असतो तो तिच्याच पोटचा.

जंत आला कुठून?

जंत म्हटले की एकच प्रकार डोळ्यांपुढे येतो. पण गोलकृमी वेगळे, फितीसारखे पट्टकृमी वेगळे आणि पानासारखे चपटे यकृतकृमी वेगळे. औषधेही वेगळी लागतात. माळावर चरणाऱ्या जनावरात गोलकृमींचा त्रास जास्त. पावसाळ्यात दवाच्या गवतावर त्यांच्या अळ्या चढतात व चाऱ्याबरोबर पोटात जातात. कालव्याखाली मात्र यकृतकृमीचा विचार आधी करावा.

हा यकृतकृमी मोठा विलक्षण प्राणी आहे. बाधित जनावराच्या शेणातून त्याची अंडी पाण्यात पडतात. अंड्यातून निघालेला जीव पाण्यातल्या शंखीत, म्हणजे लहान गोगलगायीत शिरतो. तिथे एकाचे शेकडो होतात. मग ते बाहेर पडून पाण्यालगतच्या गवताला चिकटतात आणि डोळ्यांना सहसा न दिसणारे कवच करून बसतात. ते गवत खाल्ले की ते आतड्यातून यकृतात शिरतात. आपल्याकडच्या जातीला तिथे पूर्ण वाढायला तीन-चार महिने लागतात. इंग्लंडमध्ये १८७९-८० च्या ओल्या सालात यकृतकृमीने लाखो मेंढ्या मेल्या, तेव्हा ऑक्सफर्डचे थॉमस आणि जर्मनीतले लॉयकार्ट यांनी १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत स्वतंत्रपणे हा शंखीचा फेरा उलगडला. आणि १८८५ च्या सुमारास आपला नीरा डावा कालवा वाहू लागला. कालव्याने इथली माणसे तरली, ऊस आला, कारखाने उभे राहिले. पण पाझर, चोपण, चारीच्या कडेची बारमाही ओल हेही त्याच्याबरोबर आले, आणि शंखीला घर मिळाले. पुढे १९८० च्या सुमारास उजनीचे पाणी अडले, तेव्हा इंदापूरच्या भीमाकाठच्या गावांनाही गाळपेरीचे ओले काठ मिळाले.

आता गाय बांधून आहे, चरायला जात नाही, मग तिला हा जंत कसा, असे पुष्कळ जण विचारतात. गाय जात नसेल, पण गवत येते. चारीच्या कडेचे, पाटाच्या बुडाचे हिरवेगार गवत आपणच विळ्याने बुडापासून कापून भारा घेऊन येतो. पावसाळा सरल्यावर पाणी मागे हटते आणि त्या काठावर कोवळे गवत उगवते, तेच जास्त धोक्याचे. ऑक्टोबरात पोटात गेलेला कृमी जानेवारीत मोठा होतो. गाय डिसेंबर-जानेवारीत का वाळते, याचे निम्मे उत्तर इथे मिळते.

उरलेले निम्मे आपल्या उसात आहे. तोड सुरू झाली की वाढे फुकट मिळते, आणि चार-पाच महिने जनावर वाढ्यावरच राहते. वाढ्याने पोट भरते, पण त्यात प्रथिने अगदी थोडी, आणि ऑक्झलेट नावाचे द्रव्य असते ते गाईच्या अंगातला चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधून टाकते. जंत अन्न लुटतो आणि वाढ्यातून अन्न मिळत नाही. मग भरल्या दिवसांच्या गाईने अंग धरावे तरी कशावर? वाढे टाकून द्या असे मी म्हणत नाही. निम्मे वाढे व निम्मा कडबा, मका किंवा घास असे मिसळावे, कुट्टी करून चुन्याची निवळी शिंपडावी, आणि खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम द्यावे.

औषध द्यावे का? द्यावे, पण पाहून

सरळ उत्तर असे. गाय रोड आहे आणि जंताची खूण दिसते आहे, तर आठव्या-नवव्या महिन्यातही औषध देता येते व द्यावे. गाभण म्हणून सगळीच औषधे वर्ज्य होत नाहीत.

फेनबेन्डाझोल हे औषध गाभणपणाच्या कोणत्याही महिन्यात सुरक्षित मानले जाते. ते गोलकृमीवर चांगले चालते, नेहमीच्या मात्रेत यकृतकृमीवर चालत नाही. अल्बेन्डाझोल मोठ्या यकृतकृमीवरही चालते, पण गाभणपणाच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत ते देऊ नये, कारण त्या दिवसांत गर्भाचे अवयव घडत असतात. इथे लोकांचा उलटा समज आहे. विण्याच्या तोंडावरच्या गाईला सगळे जपतात, आणि तीन आठवड्यांपूर्वी रेतन केलेल्या गाईला तीच बाटली बिनघोर पाजतात. खरा धोका त्या दुसऱ्या गाईला असतो. दावणीला सरसकट औषध पाजू नये ते याचसाठी. रेतनाची तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवली तरी पुष्कळ काम होते.

यकृतकृमीसाठी ऑक्सिक्लोझॅनाइड देतात. तेही मुख्यतः पूर्ण वाढलेल्या कृमीवरच चालते. नुकतेच पोटात गेलेले त्यातून वाचतात, म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा शेण तपासावे. या औषधाने एक-दोन दिवस पातळ शेण होते, चारा कमी खाल्ला जातो. फार खंगलेल्या गाईला ते केव्हा व किती द्यावे हे डॉक्टरांनीच ठरवावे. लेव्हामिसोल मात्र विण्याच्या तोंडावरच्या अशक्त गाईला टाळलेले बरे, त्यात सुरक्षित मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर थोडे असते. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन अलीकडे गोचिडासाठी म्हणून सर्रास टोचतात. औषध गुणी आहे, जपानच्या मातीतल्या जिवाणूपासून निघाले आणि ते शोधणाऱ्या ओमुरा व कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल मिळाले. पण ते यकृतकृमीवर मुळीच चालत नाही, आणि दुधात उतरते. म्हणून जिचे दूध डेअरीला जायचे आहे तिला विण्यापूर्वीच्या शेवटच्या महिन्यात ते टोचू नये.

गाय आटवलेली असते तेव्हा आणखी एक सोय असते. दूध निघत नाही, त्यामुळे औषधापायी दूध ओतून द्यावे लागत नाही. विण्यापूर्वी ६० दिवस गाय आटवायची, हा नियम आपण पाळला तर जंताच्या औषधाला आपोआप योग्य वेळ सापडते. पण आठव्या महिन्यापर्यंत दोन लिटरसाठी पिळत राहायचे आणि रोड का झाली म्हणून औषध विचारायचे, याला काय म्हणावे?

मात्रेचा घोळ सर्वांत मोठा. नजरेने वजन सांगणारे आपल्यात पुष्कळ, पण पन्नास-साठ किलो कमी-जास्त सहज होते. कमी मात्रा दिली की जंत मरत नाहीत, उलट पुढच्या खेपेस त्या औषधाला दाद देईनासे होतात. यासाठी टेप घ्यावा. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचांत मोजावा. खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी मोजावी. घेराला घेराने गुणावे, आलेल्याला लांबीने गुणावे, आणि ६६० ने भागावे. उत्तर किलोत येते. घेर ६२ इंच व लांबी ५६ इंच असेल तर वजन सुमारे ३२६ किलो. फेनबेन्डाझोल किलोला ५ ते साडेसात मिलिग्रॅम धरले तर हिला १.६ ते २.४ ग्रॅम लागेल. दीड ग्रॅमची एक गोळी ३०० किलोपर्यंतच पुरते, म्हणजे या गाईला ती थोडी अपुरीच.

आता गाभडण्याची भीती. औषधाने गाभडली असे जे आपण ऐकतो, त्यातल्या पुष्कळ गाई औषधाने नव्हे, पाजण्याच्या रीतीने जायबंदी झालेल्या असतात. चार गडी मिळून गाय पाडायची, एकाने शिंगे पिरगाळायची, मान आभाळाकडे करायची आणि बाटली घशात रिचवायची. भरल्या पोटाची गाय घसरून पडली तर औषध कोणतेही असो, व्हायचे ते होते. आणि मान फार वर केली की औषध श्वासनळीत जाऊन फुफ्फुस बिघडते. म्हणून सकाळच्या थंड वेळी, नेहमीच्या माणसाने, गाय तिच्याच जागी उभी ठेवून, तोंड पाठीच्या रेषेच्या किंचितच वर धरून, गालाच्या कोपऱ्यातून थोडे थोडे पाजावे. ठसका लागला की लगेच मान सोडावी. गोळी असेल तर ती भाकरीत घालून दिली तरी बहुतेक गाई खातात. पुढचे दोन दिवस शेण व चारा यांवर नजर ठेवावी.

आधी शेण, मग बाटली

रोड गाय म्हणजे जंतच, असे धरून चालू नये. खालची पापणी ओढून पाहावी. आतला रंग गुलाबी ऐवजी पांढरा फटक असेल, जबड्याखाली लोंबती मऊ सूज सकाळी दिसत असेल, शेण कधी पातळ कधी घट्ट होत असेल, तर यकृतकृमीचा संशय धरावा. पण पापणी पांढरी गोचिडामुळेही होते, आणि संकरित गाईत गोचिडापासून होणारा थायलेरिया हा रक्ताचा आजार तर जंतापेक्षा लवकर जीव घेतो. ताप असेल, खांद्यापुढची गाठ सुजली असेल, तर जंताच्या औषधात वेळ दवडू नये, रक्त तपासावे. म्हातारीचे दात झिजलेले असतात. एखादीच्या पोटात तार असते.

शेण तपासायला काही खर्चिक लागत नाही. सकाळी ताजे, मातीला न लागलेले, लिंबाएवढे शेण झाकणाच्या स्वच्छ डबीत घ्यावे, त्यावर गाईचा बिल्ला क्रमांक व गाभणपणाचा महिना लिहावा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यावे. देताना "यकृतकृमीचीही अंडी बघा" असे स्पष्ट सांगावे, कारण गोलकृमीची हलकी अंडी मिठाच्या पाण्यात वर तरंगतात, यकृतकृमीची जड अंडी तळाला बसतात, आणि दोन्ही पाहण्याची रीत वेगळी. शेणात अंडी नाहीत म्हणजे यकृतकृमी नाहीच, असेही नव्हे. कृमी लहान असेपर्यंत अंडी देत नाही.

औषधानंतरचा खुराक विसरला तर सगळे वाया. जंत मेले म्हणून मांस चढत नाही, त्यासाठी खायला लागते. शेवटचे दोन महिने रोज दीड ते दोन किलो भरडा व पेंड द्यावी, एकदम नव्हे, अर्ध्या किलोपासून दहा दिवसांत चढवीत न्यावी. आजकाल विण्यापूर्वी बाटलीतले कॅल्शियम रोज पाजण्याची एक टूम निघाली आहे. दुभत्या संकरित गाईला शेवटच्या तीन आठवड्यांत असे जादा कॅल्शियम दिले तर विल्यावर दुग्धज्वराचा संभव उलट वाढतो. मिश्रण मापातच द्यावे, बाटली डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय उघडू नये.

गवत कापताना पाण्याला टेकलेला बुडखा सोडून वरचा भाग कापावा, आणि ओल्या काठाचे गवत उन्हात चांगले वाळवूनच घालावे. गाईंना चारीवर पाणी न पाजता हौदावर पाजावे. तोडीच्या टोळ्यांचे बैल कालव्याच्या कडेला उतरतात, त्यांचे शेण पाण्यात जाऊ नये याकडे गाडीवानांबरोबर आपणही पाहावे. ताजे शेण ओल्या उसात टाकण्याची सवय शेतकी खात्याच्या दृष्टीनेही वाईट. खड्ड्यात नीट कुजले की त्या उष्णतेने अंडी मरतात आणि उसालाही तेच खत मानवते. ज्यांनी ठिबक केले त्यांच्या पाटाची ओल आटली, तिथे शंखीही कमी दिसते, हा माझा बांधावरचा अनुभव आहे.

गाय विली की वासराला पहिल्या एक-दोन तासांत चीक पाजावा, वार पडायची वाट पाहू नये. २५ किलोच्या वासराला पहिल्या दिवसात अडीच लिटर तरी चीक मिळावा. म्हशीचे मात्र आणखी एक आहे. म्हशीच्या मांसात दडून बसलेल्या मोठ्या गोलकृमीच्या अळ्या गाभणपणाच्या शेवटी जाग्या होतात आणि चिकातून, दुधातून रेडकाच्या पोटात उतरतात. आईला नेहमीचे औषध पाजून त्या मरत नाहीत. म्हणून चीक तोडू नये, पण रेडकाला दहाव्या ते पंधराव्या दिवसाच्या दरम्यान डॉक्टरांच्या सल्ल्याने पायपराझिन किंवा पायरँटेलची मात्रा द्यावीच, आणि पुढे सहा महिने महिन्यातून एकदा. पांढुरके, वीतभर, शेवयांपेक्षा जाड असे जंत शेणातून पडतील, घाबरू नये. ते शेण लगेच उचलून खड्ड्यात टाकावे आणि रेडकाच्या जागची ओली माती खरवडून बदलावी, कारण या जंताची अंडी गोठ्याच्या ओलीत महिनोन् महिने टिकतात आणि पुढच्या वेताच्या रेडकाला तिथेच सापडतात.